दुखणं कुठल्या भाषेत सांगायचं?

'काय, खांदा काय म्हणतोय?' असं डॉक्टरांनी विचारलं की पेशंट काय सांगतो? 'बरंय की!' म्हणतो. तोच पेशंट बाहेर येऊन बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाला सांगतो, 'कसलं बरं? रात्री कूस बदलली की जीव जातो!' डॉक्टरांच्या कागदावर मात्र 'बरं' हा एकच शब्द उतरलेला असतो. त्या एका शब्दावर पुढची गोळी ठरते, पुढचा व्यायाम ठरतो आणि कधी कधी तर ऑपरेशन करायचं की नाही, हेही ठरतं.

म्हणजे दुखणं मोजायचं तर ते दुखणाऱ्यालाच विचारायला हवं. आणि त्याला कळेल असं विचारायला हवं. वाटतं तितकं हे सोपं नाही. किती अवघड आहे, ते पाहायचं तर तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात जायला हवं. एजियन समुद्राकाठच्या या शहरात 'दोकुझ एयलूल' नावाचं विद्यापीठ आहे. 'दोकुझ एयलूल' म्हणजे नऊ सप्टेंबर. १९२२ साली याच तारखेला तुर्की फौजांनी हे शहर परत घेतलं, म्हणून हे नाव. या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००६ साली एक काम जगापुढे ठेवलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, शस्त्रक्रियेची नवी तऱ्हाही नाही. कॅनडात तयार झालेली २१ प्रश्नांची एक इंग्रजी प्रश्नावली त्यांनी तुर्कीत आणली. आणि तुर्की माणसाच्या खांद्याचं दुखणं ती खरोखर मोजते का, ते तपासून पाहिलं.

एवढंच? हो, एवढंच. पण या 'एवढ्याच'मागे किती खटाटोप असतो, ते कळलं की डॉक्टरांच्या टेबलावरच्या साध्या फॉर्मकडे बघण्याची आपली नजर बदलते.

बाहीची पट्टी

आधी खांदा समजून घेऊ. शरीरात सगळ्यांत मोकळा फिरणारा सांधा म्हणजे खांदा. दंडाच्या हाडाचा गोल डोका आणि त्याला टेकायला खोबणी अगदी उथळ, लहानशी. बशीवर लिंबू ठेवावं तसा प्रकार. म्हणूनच हात वर, मागे, गोल, कसाही फिरतो. पण म्हणूनच हा सांधा जागेवर राखायला चार स्नायूंना सतत राबावं लागतं. या चार स्नायूंच्या टोकाला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्या असतात. शास्त्रीय मराठीत त्यांना 'कंडरा' म्हणतात. या चार कंडरा मिळून हाडाच्या डोक्याभोवती शर्टाच्या बाहीच्या पट्टीसारखं एक वेटोळं तयार होतं. डॉक्टर त्याला 'रोटेटर कफ' म्हणतात. हा 'कफ' बाहीचा, छातीतला नव्हे!

वयाबरोबर ही पट्टी झिजते. जड वजन उचलताना, हातावर पडल्यावर किंवा वर्षानुवर्षं डोक्याच्या वर हात नेऊन काम केल्यावर ती विरते, उसवते, फाटते. मग फळीवरचा डबा काढता येत नाही. वेणी घालायला हात मागे जात नाही. पाठीमागचा हूक लावायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. आणि रात्री त्या कुशीवर झोपणं म्हणजे शिक्षाच.

आता कोणी म्हणेल, एवढं सगळं विचारत कशाला बसायचं? एमआरआय काढा, फाटलंय की नाही ते दिसेल. हिशेब संपला!

नाही संपत. १९९५ साली अमेरिकेत अशा ९६ जणांच्या खांद्यांचे एमआरआय काढण्यात आले, ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता. तपासणीत काय दिसलं? त्यांतल्या ३४ टक्के लोकांच्या कंडरा फाटलेल्या होत्या. साठीच्या पुढच्यांत तर हे प्रमाण ५४ टक्के होतं. अर्ध्याहून अधिक! ही मंडळी आपली मजेत हात वर करत होती. उलट, ज्यांच्या फोटोत किरकोळ ओरखडा दिसतो, त्यांतले काही वेदनेने रात्र रात्र जागत असतात. यंत्राला फाटलेलं दिसतं, दुखलेलं दिसत नाही. दुखलेलं फक्त माणूस सांगू शकतो.

एका हट्टी डॉक्टरची गोष्ट

या विचाराचं मूळ शोधत गेलं की एक विलक्षण माणूस भेटतो. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन. खांद्याच्या फाटलेल्या कंडरेचा आयुष्यभर अभ्यास करणारा हा माणूस. १९३४ साली त्यांनी खांद्यावर एक भलामोठा ग्रंथच लिहिला. पण त्यांचा खरा हट्ट वेगळा होता. 'ऑपरेशन यशस्वी झालं' असं सर्जनने म्हणून चालणार नाही. वर्षभरानंतर पेशंटला शोधून काढा, विचारा आणि लिहून ठेवा, की त्याला नेमका काय फायदा झाला, असं ते सांगत. या कल्पनेला त्यांनी 'अंतिम परिणाम' असं नाव दिलं होतं.

मोठमोठ्या सर्जनांना हे कसं रुचावं? १९१४ साली कॉडमननी आपल्या इस्पितळातल्या पदाचा राजीनामा दिला. १९११ साली काढलेल्या स्वतःच्या लहानशा इस्पितळात मात्र त्यांनी बोलल्याप्रमाणे करून दाखवलं. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ पेशंटांच्या नोंदी त्यांनी छापल्या आणि त्यांत झालेल्या १२३ चुकाही स्वतःच छापल्या. १९४० साली ते वारले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ साली!

कॉडमननी प्रश्न विचारायला शिकवलं. पण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने विचारलं तर उत्तरांची तुलना कशी करायची? म्हणून मापं आली. १९८७ साली आलेलं कॉन्स्टंट आणि मर्ली यांचं १०० गुणांचं माप खूप वापरलं जातं. त्यात ६५ गुण डॉक्टर हात फिरवून आणि ताकद मोजून देतात. वेदना आणि रोजची कामं याबद्दल पेशंटच्या सांगण्याला उरतात ३५. म्हणजे इथेही पारडं डॉक्टरांच्याच बाजूला झुकलेलं.

एकवीस रेघा

कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या सर्जन अलेक्झांड्रा किर्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पारडं फिरवलं. त्यांनी फक्त याच दुखण्यासाठी, सगळीच्या सगळी पेशंटने भरायची प्रश्नावली बनवली. 'वेस्टर्न ऑन्टारिओ रोटेटर कफ इंडेक्स' हे तिचं नाव. लांबलचक असल्यामुळे डॉक्टर नुसतं 'वॉर्क' म्हणतात. ती २००३ साली छापून आली. ते पाहायला किर्कली नव्हत्या. २००२ साली विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता.

या प्रश्नावलीत २१ प्रश्न आणि पाच कप्पे आहेत. शारीरिक त्रासाचे ६ प्रश्न, खेळ-व्यायामाचे ४, कामाचे ४, राहणीचे ४ आणि मनाचे ३. शेवटचे तीन विशेष लक्षात ठेवा. या खांद्यामुळे तुमची चिडचिड होते का? उदास वाटतं का? आपल्या कामधंद्याचं काय होईल, याची धास्ती वाटते का? खांद्याचा पेशंट म्हणजे नुसता खांदा नाही, हे या तीन प्रश्नांनी मान्य केलं.

प्रत्येक प्रश्नाखाली १०० मिलिमीटरची एक आडवी रेघ असते. एका टोकाला 'काहीच त्रास नाही', दुसऱ्या टोकाला 'पराकोटीचा त्रास'. मधे जिथे आपण असू, तिथे खूण करायची. मग पट्टीने मोजायचं. २१ प्रश्नांचे मिळून जास्तीत जास्त गुण २१००. जितके जास्त, तितकं दुखणं मोठं. वाचायला सोपं जावं म्हणून त्याचे उलटे टक्केही काढतात. समजा, एखाद्याची बेरीज १२६० आली, तर २१०० मधून ती वजा करायची. उरले ८४०. म्हणजे त्याचा खांदा धडधाकट खांद्याच्या ४० टक्क्यांवर आहे. आपल्याकडची जुनी माणसं 'आता बारा आणे बरं आहे' म्हणतात ना, तसंच हे. फक्त सोळा आण्यांऐवजी शंभर मिलिमीटर!

आणि एक बारीक गोष्ट. असा कागद झेरॉक्स करकरून वापरला तर कधी कधी रेघेची लांबी किंचित बदलते. शंभराची रेघ एकशे दोन झाली की मापही बिघडलं. इतकं हे नाजूक काम.

घोडा, गाढव आणि माकड

आता खरी कसोटी. ही प्रश्नावली इंग्रजीतून तुर्कीत न्यायची. डिक्शनरी घेऊन बसायचं आणि शब्दाला शब्द लावायचा? तसं केलं तर फजिती ठरलेली.

तुर्की आणि मराठी या दोन भाषांचंच बघा. चाकू, कैची, तोफ हे शब्द आपल्याकडे तुर्कीतूनच फिरत फिरत आले. अरबी-फारसीतले कित्येक शब्द दोन्हीकडे आहेत. त्यामुळे वाटतं, चला, ओळखीची माणसं भेटली! पण तुर्की माणूस 'मिसाफिर' म्हणतो तेव्हा त्याला घरी आलेला पाहुणा म्हणायचा असतो. आपला मुसाफिर तर प्रवासाला निघालेला असतो. त्यांचा 'फाकिर' म्हणजे साधा गरीब माणूस. आपला फकीर झोळी घेऊन फिरतो. शब्द एकच, पण अर्थाने घर बदललेलं.

शब्दांचं हे, तर वेदनेचं काय सांगावं! मराठीत आपण दुखण्याला किती नावं ठेवली आहेत: ठणका, कळ, चमक, ठुसठुस, सल, अवघडणं, आखडणं, भरून येणं. 'खांद्यात चमक भरली' आणि 'खांदा ठणकतोय' यांतला फरक घरातल्या आजीला बरोबर कळतो. तुर्कीतही तसंच आहे. साधारण दुखण्याला 'आरी', बारीक सलत राहणाऱ्या दुखण्याला 'सिझी', कळ येऊन जाणाऱ्या दुखण्याला 'सान्जी'. इंग्रजी प्रश्नावली सुरुवातीलाच तीव्र वेदना आणि सतत मागे लागलेली वेदना असे दोन वेगळे प्रश्न विचारते. तुर्कीत नेमके शब्द सापडले नाहीत, तर पेशंट दोन्हीकडे एकच उत्तर देईल आणि दोन प्रश्नांचा एकच प्रश्न होऊन बसेल.

पुढे तर आणखी गंमत आहे. मूळ प्रश्नावलीत घरच्यांशी, मित्रांशी दंगामस्ती करण्याबद्दल एक प्रश्न आहे. त्यातला इंग्रजी वाक्प्रचार घोड्यावरून आलेला. शब्दशः भाषांतर केलं तर पेशंट विचारेल, 'माझ्या खांद्याचा आणि घोड्याचा काय संबंध?' तुर्कीत घोडा नाही, गाढव आहे. 'एशेक शाकासी', म्हणजे गाढवाची थट्टा. पण तिचा अर्थ होतो अंगाशी येणारी हुल्लड. मराठीत आपण माकडावर येतो, पण माकडचेष्टा म्हणजे निव्वळ वेडेचाळे. तीन भाषा, तीन जनावरं आणि तीन वेगळे अर्थ! भाषांतरकाराने जनावर सोडून द्यायचं आणि खांद्याला धक्का बसेल अशी घरगुती मस्ती तेवढी पकडायची.

मन उदास होण्याचंही तसंच. त्यासाठीचा मूळ इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः घेतला तर तुर्की वाचकाला काहीच बोध होणार नाही. तुर्की माणूस अशा वेळी 'मोरालिम बोझुक' म्हणतो, म्हणजे माझं अवसान गळालंय. आणि काही ठिकाणी तर शब्द बरोबर असूनही प्रश्न चुकतो. जोर मारताना त्रास होतो का, हा प्रश्न खेळाडूला ठीक. ज्या आजीने जन्मात कधी जोर मारले नाहीत, तिने काय लिहायचं? चेंडू जोरात किंवा लांब फेकता येतो का, हे बेसबॉल खेळणाऱ्या देशात सहज विचारता येतं. तुर्कस्तान फुटबॉलवेडा देश. तिथे गोलकीपर सोडला तर चेंडू फेकायचा कोणी? त्या बाईला उलट विचारायला हवं, की पोळीसारखी पातळ 'युफ्का' लाटताना खांदा साथ देतो का? शेतकऱ्याला विचारायला हवं, की ऑलिव्हच्या फांद्यांवर काठी मारून फळं पाडताना हात वर राहतो का?

पण असे प्रश्न मनाला येतील तसे बदलले, तर तुर्की गुणांची कॅनडातल्या गुणांशी तुलना करता येणार नाही. इथेच सगळी गोम आहे. प्रश्न आपला वाटला पाहिजे, पण माप तेच राहिलं पाहिजे.

शिक्का मारलेलं माप

यासाठी जगभरात एक रीत मान्य झाली आहे. २००० साली तिचे टप्पे सविस्तर मांडले गेले. आधी दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं. त्यांतला एक जण वैद्यकीय विषय जाणणारा आणि दुसरा मुद्दाम न जाणणारा, म्हणजे त्याच्याकडून साध्या माणसाची भाषा मिळते. दोन्ही जुळवून एक मसुदा करायचा. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या, मातृभाषा इंग्रजी असलेल्या आणखी दोघांनी तो मसुदा उलटा इंग्रजीत आणायचा. गेला तसाच परत आला, तर ठीक. वाटेत काही सांडलं, तर तिथेच बोट ठेवायचं. नंतर सगळ्यांनी एकत्र बसून शब्द न् शब्द पारखायचा. शेवटी ३०-४० पेशंटांना तो देऊन, नुसतं उत्तर न घेता 'तुम्हाला या प्रश्नाचा अर्थ काय वाटला?' असंही विचारायचं.

इतकं झालं की भाषांतर झालं. माप अजून व्हायचंच असतं. दुकानदाराच्या वजनावर सरकारी शिक्का लागतो ना? तसा शिक्का इथेही लागतो. त्यासाठी मुख्यतः तीन परीक्षा असतात.

पहिली : एका कप्प्यातले प्रश्न एकाच दिशेने बोलतात का? यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला 'अल्फा' नावाचा आकडा काढतात. ०.७० च्या पुढे गेला तर सर्वसाधारणपणे समाधानकारक मानतात. पण गंमत अशी, की ०.९५ च्याही वर गेला तर शंका घ्यायची. कारण मग प्रश्न एकमेकांची नक्कल करत असतात.

दुसरी : तोच पेशंट, तेच दुखणं, काही दिवसांनी पुन्हा तीच प्रश्नावली. उत्तरं जवळपास तीच यायला हवीत. सकाळी किलोभर भरलेली साखर संध्याकाळी सव्वा किलो भरली, तर दोष साखरेचा की काट्याचा? मात्र मधलं अंतर जपून ठरवावं लागतं. फार थोडं ठेवलं तर पेशंट आधीची उत्तरं आठवून लिहितो. फार लांबवलं तर दुखणंच बदललेलं असतं.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची : जे मोजायचं, तेच मोजलं जातंय ना? काटा रोज एकच वजन दाखवेल, पण तो रोज एकसारखाच चुकत असेल तर? म्हणून आधीपासून वापरात असलेल्या मापांशी हे नवं माप ताडून बघतात. दोघांचा कल एका दिशेने असायला हवा.

इझमीरच्या डॉक्टरांनी खांद्याच्या याच दुखण्याच्या पेशंटांकडून तुर्की प्रश्नावली भरून घेतली, ती अशी पारखली आणि निष्कर्ष मांडला : हे माप विश्वासार्ह आहे आणि ते योग्य तेच मोजतं. त्या दिवसापासून इझमीरच्या एखाद्या बाईचं 'रात्री झोप लागत नाही' हे म्हणणं कॅनडातल्या पेशंटच्या म्हणण्याशेजारी मानाने बसू शकलं. एखादा व्यायाम खरंच उपयोगी पडतो का, ऑपरेशन केलेले बरे राहतात की न केलेले, अशा अभ्यासात तिचंही उत्तर मोजलं जाऊ लागलं. त्याआधी तिचं दुखणं खोटं नव्हतं, पण त्याचा हिशेब धरायला माप नव्हतं. ही प्रश्नावली जर्मन, पोर्तुगीज, डच, फारसी अशा भाषांतही याच वाटेने गेली.

आणि आपण?

आपल्या देशात तर दर काही कोसांवर भाषा बदलते. पेशंट सांगतो एका भाषेत, डॉक्टर ऐकतात दुसऱ्या आणि लिहितात तिसऱ्याच भाषेत. अशा वेळी घाईघाईने केलेलं भाषांतर पेशंटच्या हातात देऊन त्यावरून त्याला 'सुधारणा आहे' असं सांगणं म्हणजे शिक्का नसलेल्या वजनाने सोनं तोलणं!

आपल्या हातात काय आहे? खांदा दुखत असेल तर 'दुखतंय' एवढ्यावर थांबू नका. केव्हा दुखतं, कोणतं काम अडतं, किती वाजता झोपमोड होते, ते सांगा. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून 'बरंय' म्हणू नका आणि लवकर नंबर लागावा म्हणून फुगवूनही सांगू नका. फॉर्म मिळाला आणि एखादा प्रश्न कळला नाही, तर अंदाजाने खूण करू नका, विचारा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फॉर्म भरून देत असाल, तर उत्तर त्यांचं लिहा, तुमचं नको. आणि हात एकाएकी वरच जाईना, किंवा पडल्यानंतर खांद्यातली ताकद गेली, तर कुठल्याच फॉर्मची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

तुर्की भाषेत 'ओमुझ ओमुझा' असा शब्दप्रयोग आहे. अर्थ आपल्या ओळखीचाच, खांद्याला खांदा लावून. डॉक्टर आणि पेशंट यांनी दुखण्याशी असंच लढायचं असतं. पण त्यासाठी आधी दोघांची भाषा जुळायला हवी!